ट्रान्सफर केस अडकली? बॉक्स खोलण्याआधी हे बघा

सेकंडहँड जिप्सी, जुनी थार, बोलेरो किंवा स्कॉर्पिओची फोर बाय फोर घेतलेली असते. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या बाजूला चिखलातून फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर) गाडी निघते, आणि डांबरीवर आल्यावर गिअरजवळचा छोटा दांडा टू हायला (फक्त मागच्या चाकांना जोर) परत यायचं नाव घेत नाही. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "ट्रान्सफर खोलायला लागंल." म्हणजे ट्रान्सफर केस, इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा बॉक्स. लागेलही. पण दांडा अडकण्याची बरीचशी कारणं बॉक्सच्या बाहेरच असतात, आणि ती दोन-चार पाने, एक जॅक आणि अर्धा दिवस एवढ्यात तपासून होतात.

दांडा न्यूट्रलमध्ये अडकला असेल तर एक गोष्ट आधी. ट्रान्सफर न्यूट्रलला असताना मेन गिअर टाकून उभी केलेली गाडीसुद्धा घरंगळते, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. यवतेश्वरच्या घाटात हे कळायला नको. नुसत्या हँडब्रेकवर भरवसा न ठेवता चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मगच गाडीखाली शिरा.

पीळ उतरवणे

या गाड्यांत फोर हाय टाकलं की बॉक्सपासून चाकांकडे जोर नेणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये फेऱ्यांचा फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशेब जागच्या जागी मिटतो. डांबरावर टायर तसा घसरत नाही, मग चऱ्हाटाला पीळ भरावा तसा तो फरक शाफ्टमध्ये भरत जातो. बॉक्सच्या आत सरकणारी स्लीव्ह त्या पिळानं दातांवर आवळली जाते. दांड्याला पाइप लावून ओढलं तरी ती सुटत नाही, उलट तिला सरकवणारा आतला फोर्क वाकतो. पाइप काढणाऱ्या मिस्त्रीला तिथंच थांबवावं.

गाडी कच्च्या रस्त्यावर किंवा मोकळ्या रानात घ्या. स्टिअरिंग सरळ ठेवून रिव्हर्समध्ये अगदी हळू पाच-दहा मीटर मागे जा. गाडी सरकत असतानाच क्लच दाबा आणि दांड्यावर दोन बोटांचा जोर टू हायकडे ठेवा. पीळ सुटला की दांडा स्वतःहून येतो, "टक्" असा आवाज होतो. नाही आला तर पुढे-मागे तीन-चार वेळा करा. अडकण्याआधी गाडी एखाद्या तीव्र वळणातून आली असेल तर त्याच वळणानं मागे घ्या. भरलेला पीळ तसाच उलटा उतरतो. दांडा फोर लोमध्ये (चारही चाकं, ताकद जास्त, वेग कमी) असेल तर आधी फोर हायला आणायचा, आणि तोही गाडी जवळजवळ थांबलेली असताना. लोमधून हायला जाताना गाडी वेगात असली तर दातांचा कचरा होतो.

एवढ्यानं भागलं नाही तर पुढचं एक चाक जॅकवर घ्या. बाकी तिन्ही चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. चाक जमिनीवरून सुटताना पिळाच्या जोरानं झटका मारून फिरू शकतं, तेव्हा हात आणि पाना टायरपासून लांब. चाक मोकळं झालं की दुसऱ्यानं आत बसून दांडा हलवावा. पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे, चाक शाफ्टशी जोडणारे-सोडणारे हब असतील तर तेही याच वेळी फ्रीला येतात. पीळ असताना हबची चकती पकडीनं फिरवू नका, तिच्या कडा तुटतात.

दर वेळी असंच होत असेल तर टायर मोजा. सेकंडहँड गाडीत पुढे नवे आणि मागे घासलेले टायर ही नेहमीची तऱ्हा. एका टायरचा घेर २२० सेंटीमीटर आणि दुसऱ्याचा २१८ असला, तर एका किलोमीटरला चाकांच्या फेऱ्यांत चारेक फेऱ्यांचा फरक पडतो. एवढा पीळ सरळ रस्त्यावरसुद्धा भरतो. टायरवर खडूची खूण करा, सारखी हवा भरून गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा. चारही चाकांचं.

जुन्या जीपमध्ये याहून वाईट भानगड सापडते: मागचं हाऊसिंग (दोन चाकांमधला अॅक्सल) कधीतरी बदललेलं असतं आणि पुढच्या-मागच्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे त्यातल्या गिअरचं, प्रमाण जुळत नाही. दांडा टू हायला आल्यावर हे तपासता येतं. मेन गिअर न्यूट्रल, एकच चाक जॅकवर, ते हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तेवढाच त्या हाऊसिंगचा आकडा. पुढचं मोजताना हब लॉक हवेत. मागचं मोजताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. दोन आकडे वेगळे आले तर ट्रान्सफरला दोष देण्यात अर्थ नाही. हाऊसिंग जुळवल्याशिवाय फोर बाय फोर टाकूच नका.

दांडा आणि लिंकेज

पीळ नाही, तरी दांडा हलत नाही, तर गाडीखाली जा. वाळवा-पलूसकडच्या उसाच्या रानातली काळी माती बॉक्सच्या डोक्यावर आणि खालच्या संरक्षक पत्र्यावर साचून वाळते, आणि तिची वीट होते. आधी ती खरवडून पाण्याच्या प्रेशरनं धुवा, ब्रेदरच्या (बॉक्समधली हवा सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाशी मात्र प्रेशर मारू नका. मग दांड्यापासून बॉक्सपर्यंत येणारा रॉड असेल तर त्याची पिन काढून तो सोडवा आणि बॉक्सवरची छोटी आर्म रिंगपान्यानं हलवून बघा. आर्म प्रत्येक जागी खटकन बसत असेल तर बॉक्स चांगला आहे. गंजलेली पिन, सुजलेली बुश किंवा वाकलेला रॉड एवढंच दुखणं. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, नवी बुश घाला, ग्रीस भरा.

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, ती स्वतंत्र रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. रबर फाटलं की बॉक्स कलतो आणि दांडा फ्लोअरच्या भोकाच्या कडेला टेकतो. एखादी पोझिशन मिळत नाही, पण दांड्याभोवतीचा रबरी बूट काढल्यावर मिळते, असं असेल तर माउंटिंग बदला. जाड मॅट घातल्यानंही हेच होतं.

नॉबवाली गाडी

स्कॉर्पिओ किंवा जुन्या सफारीसारख्या, दांड्याऐवजी नॉब असलेल्या इलेक्ट्रिक शिफ्टच्या गाडीत आधी पद्धत बरोबर आहे का ते बघा. फोर लोसाठी गाडी पूर्ण थांबलेली, मेन गिअर न्यूट्रल, क्लच तळापर्यंत दाबलेला, मग नॉब, मग दिवा स्थिर होईपर्यंत थांबणं. दिवा लुकलुकत राहिला तर गाडी मीटर-दोन मीटर सरकू द्या, कारण दात समोरासमोर येऊन अडलेले असतात. क्लचचा स्विच बिघडला असेल तर क्लच दाबल्याचं कंट्रोल युनिटला कळतच नाही.

मग बॅटरी. बंद गाडीत चांगल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास मिळतात, १२ च्या खाली मोटर दमते. त्यानंतर फ्यूज, रिले आणि बॉक्सवरच्या मोटरचं कपलर (वायरचा जोड). आत हिरवट बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा. नॉब फिरवताना मोटरचा आवाजच येत नसेल तर मोटरची जागा खुणावून तिचे बोल्ट काढा आणि बॉक्समधून आलेला शाफ्ट पान्यानं फिरवा. सहज फिरला तर मोटर गेली, बॉक्स नाही. बसवताना मोटर आणि शाफ्ट एकाच पोझिशनला हवेत.

ऑइल बोलतं ते ऐका

ऑइल काढताना आधी वरचा, भरायचा प्लग सोडवा. खालचा काढून सगळं ऑइल सांडल्यावर वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथंच राहते.

ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय. सांगलीकडची गाडी असेल तर हे आवर्जून बघा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि धुऊन-पुसून विकलेल्या गाडीची ट्रान्सफर केस कुणी उघडत नाही. आत शिफ्टच्या रेलवर गंज चढतो आणि दांडा जड होतो. सोनेरी कण म्हणजे पितळी बुश किंवा वॉशर झिजतंय. अॅल्युमिनियमची करडी पूड म्हणजे ढिली साखळी केसला घासतेय (काही बॉक्समध्ये गिअरऐवजी साखळी असते). प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लेप चालतो. तुकडे चालत नाहीत.

जिप्सी आणि जुन्या जीपचा बॉक्स गिअरवर चालतो, त्याला ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. साखळीच्या बॉक्सला बहुधा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) लागतं. त्यात नव्वद नंबर गिअर ऑइल ओतणं ही आपल्याकडची लाडकी चूक, थंडीत शिफ्ट आणखी जड होते. मॅन्युअलमधला ग्रेड बघा. बहुतेक बॉक्समध्ये लिटर-दोन लिटर मावतं. सपाट जागेवर वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. पाणी गेलेलं असेल तर डिझेलनं धुण्याऐवजी साधं नवं ऑइल भरा, दोनेकशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. ब्रेदरची नळी तुंबली असेल तर ती मोकळी करून इंजिनाच्या उंचीपर्यंत वर घ्या, नाहीतर पुढच्या ओढ्यात पुन्हा तेच.

रस्त्यात अडकली तर

फोर हायमध्येच बसली आणि काहीच ऐकत नाही, तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढा. आधी एक चाक उचलून पीळ घालवा, दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, मग बोल्ट सोडा. फ्लँजवाला शाफ्ट काढला तर ऑइल सांडत नाही. सरळ बॉक्समध्ये घुसणारा असेल तर तोंड बंद करावं लागतं. आता गाडी मागच्या चाकांवर घरी येते. फोर लोमध्ये अडकलेल्या गाडीचं इंजिन मात्र तेवढ्याच वेगाला कितीतरी जास्त फिरतं, हायवेवर तिला नेऊ नका. टो करायची असेल तर फ्लॅटबेडवर, नाहीतर दोन्ही शाफ्ट काढून. दोनच चाकं उचलून ओढली तर उरलेला बॉक्सही जातो.

बॉक्स खरंच खोलायची वेळ तेव्हा येते, जेव्हा लिंकेज सोडवूनही आर्म हलत नाही, फोर लोमधून दांडा आपोआप सुटतो, किंवा ऑइलात तुकडे निघतात. एकदा खोलला की सगळे सील, बेअरिंग आणि फोर्कचे पॅड एकदमच बदलून घ्या. दुसऱ्यांदा खोलायची मजुरी पार्टपेक्षा जड जाते.

गाडी घेण्याआधीची चाचणी माण-खटावच्या एखाद्या मुरमाड कच्च्या रस्त्यावर करा. कास पठारावर नको, ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथं चाकं घालायची नसतात. टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो, आणि तसंच परत. न्यूट्रल सोडून प्रत्येक पोझिशनला शंभर मीटर. परतीचा एखादा खटका जरी जड गेला तर भाव ठरवण्याआधी भरायचा प्लग उघडायला लावा आणि ऑइलात बोट बुडवून बघा.