मात्सुमोतो चालत बघायचंय? मग निदान या चुका तरी करू नका

तोक्योत राहतो, त्यामुळे भारतातून कुणी आलं की मात्सुमोतो गावातला काळा किल्ला दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. किल्ला आहेच तसा, जपानात मूळ स्वरूपात टिकलेले मुख्य बुरूज फक्त 12 आणि त्यातले राष्ट्रीय ठेवा म्हणून गणले गेलेले 5, त्यात हा. पण लोक चुका त्याच त्याच करतात, दर वेळी.

पहिली म्हणजे उशिरा निघणं. तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनहून आझुसा एक्स्प्रेसला अडीचेक तास लागतात. मंडळी दहाला निघणार, एकला पोचणार, जेवणार, फोटो काढणार आणि तीनला रांग बघून तोंड पाडणार. शेवटचा प्रवेश साडेचारला असतो. माझं ठरलेलं आहे, आदल्या रात्री मुक्काम आणि सकाळी साडेआठला दार उघडायच्या आत काळ्या दरवाजाशी हजर.

आता बूट. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. आत बूट काढून पिशवीत घालून स्वतः वागवायचे असतात. बाहेरून पाच मजले दिसतात पण आत सहा आहेत, तिसऱ्याला खिडक्याच नाहीत म्हणून तो बाहेरून कळत नाही. चौथ्यावरून पाचव्यावर जाणारा जिना 61 अंशाचा, काही पायऱ्या चाळीस सेंटीमीटर उंच, म्हणजे जवळजवळ शिडीच, आणि लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. भाच्याच्या मित्राला आदल्या रात्रीच म्हटलं, घोट्यापर्यंत लेसचे बूट नको, मोजे जाड सुती घाल. तर म्हणे, "काका, मी राजगड चढलोय." अरे, राजगडावर पायात बूट असतात! पठ्ठ्या नायलॉनचे मोजे, एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्यात मोबाईल घेऊन चढला खरा, पण उतरताना मधेच पाय सटकला आणि बसला तिथेच कठडा धरून. खाली चढणाऱ्यांची रांग, वर उतरणाऱ्यांची, आणि त्याच्या पुढच्या सत्तरीच्या आजी दोन्ही हातांनी कठडा धरून टुकूटुकू उतरून गेल्यासुद्धा. शेवटी बसत बसत एकेक पायरी खाली आला, मग बाहेर दारात लेस बांधायला पाच मिनिटं, मागचे सगळे ताटकळत. म्हणून सांगतो, पटकन काढता-घालता येणारे बूट, ते पाठीवरच्या सॅकमध्ये, हात मोकळे, आणि उतरताना तोंड जिन्याकडे. फोटो वर पोचल्यावर काढा.

तिसरी चूक, स्टेशन ते किल्ला नाकासमोर वीस मिनिटं चालायचं आणि त्याच रस्त्याने परत. गूगल मॅप तेच सांगतो आणि लोक तेच ऐकतात. अहो, हे किल्ल्याभोवती वसवलेलं गाव आहे, जुन्या भागात रस्ते मुद्दाम काटकोनात वळवलेत, शत्रूला सरळ धावत येता येऊ नये म्हणून. तेव्हा शॉर्टकट शोधण्यात इथे काही अर्थ नाही. मेतोबा नदीच्या उत्तरेला सामुराई, दक्षिणेला व्यापारी अशी वस्ती होती. मी किल्ल्याहून परत येताना नदीकाठच्या नावाते गल्लीतून येतो (जिकडेतिकडे बेडूक, दगडाचे वगैरे, पोरं खूश), मग पूल ओलांडून नाकामाची, म्हणजे व्यापाऱ्यांचा जुना रस्ता. तिथल्या जाड मातीच्या भिंतींच्या, पांढऱ्या चुन्याच्या आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या वखारी 1888 च्या मोठ्या आगीनंतर बांधल्या, पुन्हा आग लागली तर माल वाचावा म्हणून. तिथून जवळच गेंची विहीर, गावातले लोक कॅन घेऊन पाणी भरताना दिसतात. रिकामी बाटली न्या. विकतचं पाणी घेऊन इथे येणाऱ्यांना काय म्हणावं!

बाकी पटपट: गाव सहाशेक मीटर उंचीवर आहे, जानेवारीत पुण्याच्या थंडीचं जॅकेट पुरत नाही. 29 ते 31 डिसेंबर किल्ला बंद, तरी दर वर्षी कुणीतरी इयर एंडला येतंच. आणि शाकाहारी असाल तर सोबाला (बकव्हीटच्या नूडल्स) नुसत्या शेवया समजू नका, सोबतच्या त्सुयूत, म्हणजे बुडवायच्या रश्शात, बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. ओयाकी, म्हणजे सारण भरलेले बन, मागा, भोपळ्याचं सारण असतं, पण तेही विचारूनच.