आधी गच्ची पांढरी करा, सोलरचं नंतर बघू

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा वन बीएचके आहे, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. खालच्या फ्लॅटपेक्षा स्वस्तात मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. स्वस्त का, ते पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं. रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं लागलं.

पुढच्या चार उन्हाळ्यांत जे जे करून पाहिलं ते इथे क्रमाने देतोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांची गाडी उलटी चालते: आधी एसी, मग बिल बघून सोलरची चौकशी.

१. ऊन कुठून शिरतं ते हाताने तपासा

नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा फारसं ऊन लागतच नाही. सगळा मार गच्चीवर बसतो आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. एका रविवारी चार-साडेचारला प्रत्येक भिंतीला आतून तळहात लावून बघा. जी भिंत चटका देते, तिच्यापासून सुरुवात करायची. मधल्या मजल्यावर राहत असाल तर पुढची पायरी सोडून थेट तिसरीवर जा.

२. गच्चीला चुना

शेवटच्या मजल्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच. काळपट सिमेंटची गच्ची ऊन पिते, पांढरी ते परत फेकते. बाजारात कूल रूफ नावाचे रंग मिळतात, ते टिकतातही जास्त. पण पैशाची ओढाताण असेल तर कळीचा चुना पुरतो.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला काम काढा. आधी भेगा बुजवा, नाहीतर पावसाळ्यात गळती लागली की दोष चुन्याला मिळेल. मग गच्ची झाडा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा. आम्ही पहिल्या वर्षी नुसती झाडून चुना मारला. आठ दिवसांत पापुद्रे सुटले आणि वाळत घातलेल्या सगळ्यांच्या कपड्यांवर पांढरे ठिपके. आठवडाभर जिन्यात कुणाच्या नजरेला नजर देण्याची सोय राहिली नव्हती.

चुना आदल्या दिवशी लोखंडी पिंपात भिजवा. प्लॅस्टिकच्या बादलीत नको, कारण पाणी पडताच तो अक्षरशः उकळतो. लहान मुलांना लांब ठेवा, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. दुसऱ्या दिवशी कपड्यातून गाळून, थोडा फेविकॉल घालून ताकाइतका पातळ करायचा. घट्ट झाला की सोलतो. गच्ची थोडी ओलसर करून, ऊन उतरल्यावर पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. टाकीची झाकणं आधी नीट लावून घ्या. पावसाचं पाणी साठवत असाल तर पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडा.

जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे: दुपारी दोनला अनवाणी उभं राहा. पूर्वी आम्हाला तीन पावलंही टाकवत नसत, आता मुलं पतंग उडवतात. पाऊस चुना धुऊन नेतो, त्यामुळे हे काम दरवर्षी आलंच. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या डोळ्यांवर चकाकी येते, त्यांना आधी सांगून ठेवा.

३. पश्चिमेची खिडकी बाहेरून झाका

आतला जाड पडदा फारसा कामाचा नाही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरातच राहते. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक लावा, किंवा शेतीच्या दुकानात मिळणारं हिरवं शेडनेट, जे नर्सरीवाले वापरतात. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधून हवा खेळते. एक अडचण आहे: संध्याकाळची गार झुळूकही बहुधा याच बाजूने येते. म्हणून पक्कं ठोकू नका, गुंडाळता येईल असं बांधा.

४. रात्रीचा गारवा कोंडून ठेवा

नाशिकचा उन्हाळा दिवसा चाळिशीला टेकला तरी पहाटे पारा बाविशी-तेविशीपर्यंत उतरतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आज्या सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि दिवेलागणीनंतर उघडायच्या, ते याचसाठी. फ्लॅटमध्येही तेच करा. डासांची जाळी नसेल तर आधी ती बसवा, नाहीतर रात्री खिडकी उघडी राहणार नाही. एप्रिल-मेची हवा कोरडी असल्यामुळे कूलरही इथे चांगला चालतो आणि एसीच्या मानाने किरकोळ वीज खातो. पावसाळ्यात मात्र तो नुसता दमटपणा वाढवतो.

५. पंखे बदला

जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३५ वॅटचा. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चांगलाच चढतो, त्यामुळे ज्यांचं बिल १२०-१४० युनिटला अडकतं त्यांना दोन पंख्यांतच फरक दिसतो. घरातले सगळे पंखे एकदम नको. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. एलईडी दिव्यांबद्दल आता वेगळं सांगायला नको.

६. आता सोलर, तेही सोसायटीचं

गच्ची सामाईक, त्यामुळे प्रत्येकाने आपापलं पॅनेल लावणं कठीण. सुरुवात कॉमन मीटरपासून करा: लिफ्ट, पाण्याची मोटर, पार्किंगचे दिवे. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरसाठीच्या योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ५ किलोवॅटला साधारण ५०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून रोज २० युनिटच्या आसपास वीज मिळते. सर्वसाधारण सभेत ठराव करा, योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करा, नोंदणीकृत विक्रेताच निवडा आणि पॅनेल देशी बनावटीचे आहेत का ते लेखी घ्या. अनुदानाला ती अट आहे. पॅनेलखालचा स्लॅब सावलीत जातो, तो फायदा वेगळाच.

नवीन घर घेत असाल तर

म्हाडाचं असो, आवास योजनेतलं असो की खासगी, सॅम्पल फ्लॅट दुपारी चारला बघायला जा, सकाळी नको. खिडकीवर छज्जा आहे का, समोरासमोर दोन खिडक्या उघडतात का, भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) आहेत का, गच्चीवर ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढरा चायना मोझॅक (फरशीचे तुकडे) बसवणार का, ते विचारा. छतातून आणि भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा २०१८ च्या इको-निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्राच्या नियमावलीत, आखून दिली आहे. इमारत त्यात बसते का, हेही विचारा. मी विचारलं तेव्हा सेल्सवाला मुलगा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "सर, एसीचा पॉइंट दिलाय ना."