मॉडेल रेल्वेसाठीचा, उत्पादन बंद झालेला घराचा किट कसा शोधायचा

नावाने शोधू नका, डब्यावरच्या क्रमांकाने शोधा. फोल्मर आणि किब्री हे किट बनवणारे ब्रँड आता फीसमान कंपनीकडे आहेत, त्यामुळे जुनंच स्टेशन कधी नव्या डब्यात सापडतं. एअरफिक्स कंपनीच्या सिग्नल केबिनचे साचे डापोल कंपनीकडे गेले. ती केबिन मात्र १:७६ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ७६व्या भागाएवढी, त्यामुळे आपल्या एचओ म्हणजे १:८७ प्रमाणाच्या रुळांशेजारी थोडी थोराड दिसते.

मी इथे जर्मनीत जुन्या खेळण्यांचा बाजार सकाळीच गाठतो. डबा उघडूनच घ्या. भाग प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले, म्हणजे न तोडलेले हवेत, खिडक्यांची पारदर्शक शीट हवी. एकदा आळस केला, घरी आलो तर छप्परच नाही! बायको म्हणाली, "पावसाळ्यात काय करणार?"

नवख्याने खरं तर कुणीतरी जोडलेलं, धूळ खाल्लेलं घर घ्यावं. स्वस्त पडतं, मऊ ब्रशने झटकलं की झालं.