बोर्डो ‘मिश्रण’ आणि ‘संयुक्त’ खत : नावावर जाऊ नका

मृगाच्या तोंडावर दोन कामे एकदम अंगावर येतात. संत्रा-मोसंबीच्या खोडांना बोर्डोचे, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांपासून बनणाऱ्या बुरशीनाशकाचे, मलम आणि सुपारीच्या घडांवर बोर्डोची पहिली फवारणी हे एक, पेरणीच्या खतांची जमवाजमव हे दुसरे. दोन्हीकडे चुका होतात त्या एकाच ठिकाणी. कोणत्या दोन वस्तू नुसत्या मिसळतात आणि कोणत्या एकमेकींवर क्रिया करून तिसरीच वस्तू बनवतात, हे पाहिले जात नाही.

मिश्रणात प्रत्येक घटक आपले गुण राखून असतो आणि प्रमाण कमी-जास्त चालते. मोरचूद पाण्यात विरघळवून ते पाणी उन्हात आटवले, तर निळे खडे परत मिळतात. संयुगात घटक ठरलेल्या प्रमाणातच जोडले जातात आणि त्यांचे जुने गुण उरत नाहीत. बोर्डोला सगळे मिश्रण म्हणतात, पण ड्रममध्ये घडते ती रासायनिक क्रिया. मोरचुदाचे गडद निळे, आरपार दिसणारे द्रावण चुन्याच्या दुधात पडले की फिकट आकाशी आणि गढूळ होते. तांब्याची पाण्यात न विरघळणारी संयुगे आणि जिप्सम तयार होते. आता हे कितीही वाळवा, मोरचूद परत येत नाही. बुरशीनाशक म्हणून काम करते ते हेच नवे संयुग. ते पानाला चिकटून राहते, पावसाने लवकर धुपत नाही आणि ओलाव्यात तांबे थोडे थोडे सोडते. नुसता मोरचूद फवारला तर पाने होरपळतात.

१ टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घ्यावे. एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाणी घेऊन मोरचूद फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर लटकवा. द्रावण जड असल्याने आपोआप खाली उतरते आणि ढवळावे लागत नाही. दुसऱ्या भांड्यात चुन्यावर थोडे थोडे पाणी शिंपडून तो फुलू द्या. या वेळी तो चांगलाच तापतो, तेव्हा डोळे सांभाळा. मग उरलेले ५० लिटर पाणी घालून गाळून घ्या आणि पूर्ण थंड होऊ द्या. चुना गरम असताना मोरचूद ओतला तर तांब्याचा काळा ऑक्साइड बनतो आणि सगळे वाया जाते. ओतायचे ते मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या दुधात, हळूहळू, लाकडी काठीने ढवळत. उलटे केले तर कण जाड होतात आणि तळाशी बसतात.

कागदावरच्या हिशेबाने १ किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सुमारे २२५ ग्रॅमच पुरतो. तरी किलोभर घेतात, कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो आणि उघड्यावर राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून निकामी होतो. म्हणून किलोच्या मापावर विसंबू नका, तपासणी करा. घासून चकचकीत केलेले लोखंडी पाते तयार बोर्डोत मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा उरला आहे. थर येईनासा होईपर्यंत चुन्याचे दूध वाढवा. पात्यावर तांबे चढते ते लोखंड त्याची जागा घेते म्हणून. मोरचुदासाठी लोखंडी भांडे किंवा बादली का नको, याचेही उत्तर यातच आहे.

बोर्डो त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवले तर कण मोठे होतात आणि चिकटपणा जातो. त्यात दुसरे कीटकनाशक घालू नका. बोर्डो अल्कधर्मी असते आणि त्यात मॅलाथिऑनसारखी औषधे फुटून निकामी होतात.

सुपारीच्या कोळेरोगासाठी (घडातली फळे कुजवणारा रोग) पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याच्या सुमारास घडांवर करा आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून. संत्र्याच्या डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याचा रोग) खोडाची कुजलेली साल खरवडून काढा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांचे मलम जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा लावा.

खतांत नाव उलट्या बाजूने फसवते. १०:२६:२६ ला ‘संयुक्त’ खत म्हणतात, पण त्याचा दाणा म्हणजे अनेक क्षारांचे मिश्रणच. फायदा एवढाच की प्रत्येक दाण्यात नत्र, स्फुरद आणि पालाश तिन्ही असतात. त्याच्या ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असते. सव्वाअठ्ठावीस किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे खत) आणि पावणेबावीस किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाश देणारे खत) एकत्र केले तरी जवळपास हेच भरते, वजनही तेवढेच. गोणी मिळाली नाही म्हणून पेरणी अडवून धरू नका. फक्त वाहतुकीत दाणे वेगळे होतात, म्हणून शेतावरच मिसळा.

सगळीच जोडी मात्र अशी निरुपद्रवी नसते. युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र ठेवले तर सुपर फॉस्फेटमधले बांधलेले पाणी मोकळे होते आणि ढिगाचा चिखल बनतो. मिसळायचेच तर टाकण्याच्या वेळी मिसळा. झिंक सल्फेट डीएपीबरोबर दिले तर न विरघळणारे झिंक फॉस्फेट बनते आणि जस्त पिकाला नीट मिळत नाही, म्हणून ते वेगळे द्या. चुना आणि अमोनियम सल्फेट किंवा डीएपी एकत्र आले की अमोनिया उडून जातो, म्हणजे नत्र हवेत. कोकणात आम्ल जमिनीला चुना देणाऱ्यांनी हे विशेष जपावे.

ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटबरोबर १२:६१:० (नत्र-स्फुरदाचे विद्राव्य खत) किंवा कोणतेही सल्फेट एकत्र करू नका; न विरघळणारा साका बनून ड्रिपर बुजतात. इतर खतांबाबत शंका असेल तर त्याच प्रमाणात काचेच्या बरणीत करून बघा. अर्ध्या तासात पाणी दुधाळ झाले किंवा तळाशी साका बसला, तर ती दोन खते वेगवेगळ्या दिवशी सोडा.