पाहुणे ठेवताय? आधी पॉलिसी बाहेर काढा
अजिंठा बघायला नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेला येणारे लोक आता जळगाव-शहाद्याकडे घरगुती खोल्या शोधतात, चांगलंच आहे, पण खोली द्यायच्या आधी विमा एजंटला सरळ विचारा की पैसे घेऊन पाहुणे ठेवले तर क्लेम मिळेल का, आणि उत्तर तोंडी नको, मेलवरच घ्या. भारत गृह रक्षा पॉलिसी आग, पूर, भूकंपात घराचं नि सामानाचं नुकसान भरून देते, पाहुणा जिन्यावरून पडला तर त्याचा दवाखाना त्यात येत नाही, त्याला पब्लिक लायबिलिटी कव्हर वेगळं लागतं.

आणि बाथरूममधला गॅस गिझर तेवढा काढाच हो! त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना रंग ना वास, थंडीत खिडकी कोणी उघडत नाही, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. इलेक्ट्रिक लावा, सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो, त्याच्या पत्र्यात करंट उतरला तर हाच जीव वाचवतो. अर्थिंगही तपासा. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत ऑनलाइन नोंद करायची. दारामागे 112 आणि 108 मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.