तीन पानांचा अर्ज आणि बीनचे आयुष्य

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीच्या कंपन्यांत जावा प्रकल्पांवर रुजू होणारी नवी मुले भाषेत पक्की असतात, डेटाबेसही त्यांना ठाऊक असतो. पण एका पानावर भरलेली माहिती तिसऱ्या पानापर्यंत सुखरूप न्यायची वेळ आली की त्यांची गाडी अडते. त्यांना शिकवताना मी वसतिगृह प्रवेशाच्या अर्जाचे उदाहरण घेतो. पहिल्या पानावर वैयक्तिक माहिती, दुसऱ्यावर गुण व दाखले, तिसऱ्यावर पडताळणी आणि शुल्क. जेएसएफ या जावात वेब पाने बांधण्याच्या चौकटीत असा अर्ज बांधताना बीनला, म्हणजे भरलेली माहिती धरून ठेवणाऱ्या जावा वस्तूला, कोणता स्कोप (आयुष्याची मर्यादा) द्यावा, हा प्रश्न वस्तुतः त्या माहितीने किती काळ जगावे असा आहे, आणि त्याचे उत्तर कोड लिहिण्यापूर्वी ठरवावे.

रिक्वेस्ट स्कोपमधील बीन सर्व्हरने एका विनंतीला प्रतिसाद दिला की संपतो, म्हणून शोधपेटीसारख्या एका फेरीच्या कामापलीकडे तो येथे उपयोगाचा नाही. मग हात आपोआप सेशन स्कोपकडे, म्हणजे ब्राउझरच्या संपूर्ण भेटीइतक्या आयुष्याकडे, जातो, कारण तेथे सर्व काही लगेच चालू लागते. चाचणी करणारा एकच टॅब उघडतो, तोवर दोष दिसतही नाही. पण दोन मुलांचे अर्ज भरणारे पालक दोन टॅब उघडतात, दोन्ही टॅब भेटीची ओळख सांगणारी एकच सेशन कुकी पाठवतात, सर्व्हरवर बीनही एकच असतो, आणि थोरल्याच्या गुणांपुढे धाकट्याचे नाव येऊन बसते. शिवाय टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमध्ये सेशनची मूळ मुदत निष्क्रियतेनंतर 30 मिनिटांची असल्यामुळे अर्धवट सोडलेला अर्ज तोपर्यंत स्मृतीत पडून राहतो. लॉगिन केलेल्या व्यक्तीची ओळख आणि तिने निवडलेली भाषा एवढेच सेशनमध्ये असावे, असे माझे ठाम मत आहे.

2009 मध्ये जेएसएफ 2.0 सोबत व्ह्यू स्कोप आला. त्याच पानावर कितीही वेळा फॉर्म पाठवला तरी बीन टिकतो. दुसऱ्या पानावर गेलात की मात्र तो जातो. तरीही टप्पे तीन-चारच असतील तर ते एकाच पानात ठेवून, चालू असलेला टप्पा तेवढा दाखवावा आणि व्ह्यू स्कोपवरच काम भागवावे; मला हाच मार्ग सर्वांत निर्धोक वाटतो. एक सावधगिरी बाळगावी: जुन्या 'फेसेस डॉट बीन' पॅकेजमधले व्ह्यूस्कोप्ड अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) सीडीआयच्या, म्हणजे बीन तयार करून पुरवणाऱ्या जावाच्या व्यवस्थेच्या, नेम्ड बीनवर लावले, तर सीडीआय ते ओळखतच नाही. प्रत्येक ईएल अभिव्यक्तीसाठी (पानातून बीनमधली माहिती मागणाऱ्या छोट्या ओळीसाठी) नवा बीन तयार होतो आणि भरलेली माहिती नाहीशी झाल्यासारखी दिसते. 2013 च्या जेएसएफ 2.2 पासूनचे 'फेसेस डॉट व्ह्यू' पॅकेजमधले अ‍ॅनोटेशन वापरावे. जेएसएफची स्वतःची बीन घडवण्याची जुनी मॅनेज्डबीन पद्धत तर 2022 च्या जकार्ता फेसेस 4.0 (जेएसएफचे नवे नाव) मधून काढूनच टाकली आहे.

पाने खरोखर वेगळी हवी असतील, प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता हवा असेल, तर सीडीआयचा कॉन्व्हर्सेशन स्कोप पाहावा. बीनमध्ये कॉन्व्हर्सेशन इंजेक्ट करून पहिल्या पानावर बिगिन बोलवायचे, शुल्क भरल्यावर एंड. सर्व्हर अशा प्रत्येक संभाषणाला (कॉन्व्हर्सेशनला) क्रमांक देतो. तो 'सीआयडी' या नावाने पत्त्यातून पुढे जातो, म्हणून दोन टॅबमध्ये सुरू केलेले दोन अर्ज एकमेकांत मिसळत नाहीत. जेएसएफच्या फॉर्ममधून हा क्रमांक आपसूक जातो, साध्या एचटीएमएल दुव्यात तो आपणच जोडावा लागतो. येथे मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. वेल्ड या सीडीआयच्या प्रचलित अंमलबजावणीत ती मूळची 10 मिनिटांची असते, आणि जातीचा दाखला किंवा उत्पन्नाचे प्रमाणपत्र शोधायला उठलेल्या विद्यार्थ्याला तेवढा वेळ सहज लागतो. ती मिलिसेकंदांत वाढवता येते. मुदत उलटल्यावर जुन्या क्रमांकाने विनंती आली की अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो, तो पकडून अर्जदाराला कारण सांगणारे पान दाखवावे. 'पुढे' बटण घाईने दोनदा दाबल्यास एकाच संभाषणावर दोन विनंत्या येतात, म्हणून पहिल्या दाबानंतर ते निष्क्रिय करावे.

जेएसएफ 2.2 मधला फ्लो स्कोप हेच काम अधिक शिस्तीने करतो: ठरलेल्या प्रवेशातूनच आत यायचे, बाहेर पडताच बीन संपतो, एंड विसरण्याची भीती उरत नाही. मात्र मधल्याच पानाचा पत्ता थेट उघडून चालत नाही, हे प्रकल्पातल्या सर्वांना आधी सांगून ठेवावे.

अर्ज मोठा असेल, विद्यार्थी आज सुरू करून उद्या पूर्ण करणार असेल, तर कोणताच स्कोप पुरत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर मसुदा डेटाबेसमध्ये जतन करावा, बीनमध्ये फक्त मसुद्याचा क्रमांक ठेवावा, आणि तो मसुदा लॉगिन केलेल्या व्यक्तीचाच आहे का, हे प्रत्येक विनंतीला तपासावे. नाहीतर पत्त्यातला आकडा बदलून कोणीही दुसऱ्याचा अर्ज उघडू शकेल.