शुगर-बीपी आधीपासून आहे? मग मेडिक्लेम असा घ्या

शुगर निघाली की मेडिक्लेम मिळत नाही, असं आजही सोसायटीच्या आवारात छातीठोकपणे सांगितलं जातं. मिळतो. किती दराने, किती वर्षांनी आणि कोणत्या अटींवर, हे विमा कंपनी तुमच्याकडे कोणत्या नजरेने बघते यावर ठरतं. ती नजर समजली की फॉर्म नीट भरता येतो, योग्य जागी घासाघीस करता येते, आणि तीन वर्षांनी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर हात चोळत उभं राहावं लागत नाही.

आधी कंपनीचं गणित

विमा असतो तो कधी येईल हे माहीत नसलेल्या संकटाचा. हजार धडधाकट माणसांपैकी यंदा कुणाचं हृदय दगा देईल ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याचं बिल भागवायचं. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं त्याचा खर्च मात्र आधीच ठरलेला आहे. त्यालाही त्याच दरात घ्या, अशी कंपन्यांवर सक्ती केली तर निरोगी माणसं बाहेर पडतात आणि उरलेल्यांचा दर चढत जातो, असं मुक्त बाजाराच्या बाजूचे अर्थतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हे घडलंही. तिथे १९९३च्या कायद्याने जुन्या आजारावरून कुणाला नाकारायला बंदी आली, आणि सगळ्यांनी विमा घ्यावा ही जोडीची सक्ती १९९५ साली काढून टाकली गेली. लोक आजारी पडेपर्यंत थांबायला लागले. १९९९पर्यंत राज्याच्या बहुतेक भागात नवी वैयक्तिक पॉलिसी विकणारी कंपनीच उरली नाही.

मग या अर्थतज्ज्ञांचा उपाय काय? तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेले अर्थतज्ज्ञ जॉन कॉक्रन यांनी १९९५ साली मांडलेला मुद्दा इथे कामाचा आहे. आजारपणात धोके दोन असतात: एक यंदाच्या बिलाचा, दुसरा त्या आजारामुळे पुढची सगळी वर्षं विमा महागण्याचा. या दुसऱ्या धोक्याचंही संरक्षण बाजारात विकत घेता यायला हवं. त्याचं एक साधं रूप आपल्याकडे आहे. वैयक्तिक मेडिक्लेम आयुष्यभर रिन्यू करता येतो, तुम्ही क्लेम केला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही आणि तेवढ्यावरून तुमच्या एकट्याचा प्रीमियमही वाढवू शकत नाही. वाढवला तर त्या पॉलिसीतल्या सगळ्यांचा वाढतो. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर जानेवारी २०२५पासून कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, सल्लामसलत करावी लागते.

म्हणजे पस्तिशीत घेतलेली पॉलिसी सांभाळली आणि चाळिशीत शुगर निघाली, तर ती शुगर त्या पॉलिसीसाठी जुना आजार ठरतच नाही. घरात कुणी अजून निरोगी असेल तर त्याची पॉलिसी या महिन्यात काढा.

हा युक्तिवाद एका जागी अडतो. दहाव्या वर्षी टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलाला आधी पॉलिसी घ्यायची संधी होती कुठे? अशांना मदत सरकारने तिजोरीतून उघडपणे करावी, इतरांच्या प्रीमियममध्ये लपवून नको, असं बाजारवादी म्हणतात. आम्हाला ते रास्त वाटतं, पण ती मदत खरोखर पोचली तरच.

जुना आजार म्हणजे नेमकं काय

पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा त्या काळात ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतले असा आजार. एप्रिल २०२४पासून त्याचं वेटिंग, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतं. आधी ते ४८ होतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसारख्या ठरावीक उपचारांचं वेटिंग वेगळं असतं, तेही ३६ महिन्यांच्या वर नाही. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही.

यात एक फसवी जागा आहे. व्याख्या ३६ महिन्यांची असली तरी फॉर्ममध्ये बऱ्याचदा ‘आजवर कधीही’ असं विचारलेलं असतं. सात वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय तर तो लिहायचाच. व्याख्येत बसत नाही म्हणून गाळला, तर कंपनी त्याला माहिती लपवणं म्हणते आणि नुसता क्लेम जात नाही, पॉलिसीच रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर मात्र सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर या कारणाने क्लेम अडवता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती.

फॉर्मआधी कागद

घरातल्या प्रत्येकाची एक फाइल करा: निदान झालं त्या दिवसाचा रिपोर्ट, गेल्या तीन वर्षांची प्रिस्क्रिप्शन्स, जुनी डिस्चार्ज समरी, आणि ताजे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, लिपिड, ईसीजी. एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह धरला जातो, ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची पातळी. उंबरठ्यावर असाल तरी आकडा लिहा. रोज एक गोळी घेऊन बीपी नॉर्मल आहे म्हणून ‘बीपी नाही’ असं लिहू नका. गोळी चालू आहे म्हणजे बीपी आहे.

फॉर्म स्वतः भरा. एजंट फोनवर ‘तब्येत ठीक ना?’ एवढंच विचारून सगळीकडे ‘नाही’वर टिक करतो आणि तुमच्याकडून ओटीपी मागतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. भरलेल्या फॉर्मची पीडीएफ मागवून वाचा आणि मगच द्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक, म्हणजे वाचून परत करायची मुदत, असते. त्यात फॉर्मची प्रत आणि ग्राहक माहिती पत्रक समोरासमोर ठेवून तपासा. शुगरचा उल्लेख गायब असेल तर लगेच ईमेलने कळवा, नाहीतर पॉलिसी परत करा.

केस पेपरवरची एक ओळ

नाकारलेल्या क्लेमच्या फाइली उघडल्या की अनेकदा मूळ इथे सापडतं. रात्री अकराला ॲडमिशन. रेसिडेंट डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ घाबरलेली सून अंदाजाने सांगते, ‘असेल पाच-सहा वर्षं.’ केस पेपरवर उमटतं: ‘के/सी/ओ डीएम, ६ वर्षं’, म्हणजे सहा वर्षांपासूनचा मधुमेही. पॉलिसी चार वर्षांची, निदान खरं तीन वर्षांपूर्वीचं. शुगर पॉलिसीआधीची होती आणि लपवली, असं म्हणत कंपनी ती ओळ धरून क्लेम फेटाळते.

म्हणून निदानाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून मेडिक्लेम कार्डासोबत ठेवा आणि ॲडमिशनच्या वेळी तीच सांगा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. चुकीची नोंद झालीच, तर डिस्चार्जच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, पहिला रिपोर्ट दाखवून, दुरुस्तीचं पत्र घ्या. नंतर मिळवलेल्या पत्राकडे कंपनी संशयाने बघते.

लोडिंग, वेटिंग की रायडर

खरं सांगितल्यावर कंपनी चारपैकी एक करते: आहे तसं घेते, जास्त प्रीमियम म्हणजे लोडिंग लावते, काही आजार तुमच्या लेखी संमतीने कायमचा वगळते, किंवा नकार देते. लोडिंगचा राग मानू नका; तुमचा धोका पत्करायला कुणीतरी तयार आहे आणि त्याने किंमत सांगितली आहे. कायमच्या वगळणुकीला मात्र सहज होकार देऊ नका. हृदयविकार असलेल्याला हृदय वगळून दिलेली पॉलिसी फार थोडी कामाची.

समजा मूळ प्रीमियम २४,००० आणि लोडिंग २५ टक्के, म्हणजे ३०,०००. दुसरी कंपनी लोडिंग लावत नाही, पण ३६ महिन्यांचं वेटिंग एका वर्षावर आणणाऱ्या रायडरचे, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या जादा कलमाचे, ४,००० मागते. दुसरीकडे २८,००० भरून दोन वर्षं आधी संरक्षण मिळतं. पहिली पूर्ण ३६ महिने थांबायला लावत असेल तर दुसरी घ्या. मात्र रायडरच्या यादीत तुमच्या आजाराचं नाव आहे का ते वाचा; कित्येक रायडर शुगर, बीपी, दमा, कोलेस्टेरॉल एवढ्यांपुरतेच असतात.

एका कंपनीने नाकारलं म्हणजे सगळ्यांनी नाकारलं असं नाही. प्रत्येकीचे निकष वेगळे, आणि स्पर्धेचा फायदा इथेच मिळतो. तीन-चार ठिकाणी एकाच आठवड्यात अर्ज करा, कारण पुढच्या फॉर्ममध्ये आधीचा नकार विचारतात. कंपन्यांची तुलना करायची तर ‘आरोग्य संजीवनी’पासून सुरुवात करा. २०२०च्या एप्रिलपासून चालू झालेल्या या पॉलिसीचा मजकूर सगळ्या कंपन्यांत सारखा, फरक फक्त किमतीचा आणि सेवेचा. तिच्यात ५ टक्के को-पे आहे, म्हणजे क्लेमचा तेवढा वाटा तुमचा, खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,०००पर्यंतच. क्लेम आणि तक्रारींचे आकडे कंपनीच्या वेबसाइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर’मध्ये असतात. जुनं कोटेशन हाताशी असेल तर त्यात जीएसटी धरलाय का बघा. वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांची मिळून एक) पॉलिसींवर २२ सप्टेंबर २०२५पासून तो नाही.

मुंबईत खोलीभाडं मारतं

समजा, पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीला १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० मर्यादा आहे. तुम्ही ८,०००ची खोली घेतली. फरक ३,०००चाच पडेल असं वाटतं, पण कंपनी डॉक्टरांची फी, ओटी, नर्सिंग असे खोलीच्या वर्गानुसार बदलणारे खर्चही ५/८ प्रमाणातच देते. ते दोन लाख असतील तर १,२५,००० मिळतात आणि ७५,००० खिशातून जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. म्हणून खोलीला मर्यादा नसलेली किंवा सिंगल रूम देणारी पॉलिसी घ्या, नाहीतर आपल्या हॉस्पिटलचं दरपत्रक आधी विचारून ठेवा.

नोकरीचं कव्हर, रिन्यूअल, पोर्टिंग

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून असतात, आणि म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो. नोकरी गेली की कव्हर गेलं. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज टाका, म्हणजे तिथे काढलेला काळ वेटिंगमध्ये धरला जातो. सगळ्यात चांगलं म्हणजे नोकरीत असतानाच वेगळी पॉलिसी काढून तिचं वेटिंग संपवून ठेवणं.

कंपनी बदलायची तर रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा. भोगलेलं वेटिंग सोबत येतं, पण जुन्या विमा रकमेपुरतंच. पाचाचे दहा लाख केले तर वरच्या पाचासाठी घड्याळ नव्याने सुरू. नवी कंपनी नकार देऊ शकते, तेव्हा तिचा लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांचा ग्रेस असतो. त्यात भरलं तर वेटिंगचा हिशेब मोडत नाही, पण मधल्या दिवसांतलं आजारपण कव्हर होत नाही.

क्लेम फेटाळला तर

कोणत्या कलमाखाली फेटाळला आणि कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीची मंजुरी होती का, हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, मात्र गोवंडी, चेंबूर, घाटकोपर, भांडुप, मुलुंड हे वॉर्ड ठाण्याच्या लोकपालाकडे येतात. चुकीच्या ठिकाणी अर्ज टाकून महिना घालवू नका.

कुणीच घेत नसेल तर

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं: वर्षाला ५ लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ५ लाखांपर्यंत आहे. दोन्ही योजना फक्त त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलांत आणि ठरावीक उपचारांसाठी चालतात, म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून आपला उपचार यादीत बसतो का ते विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; त्यासाठी रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या वेळीच समाजसेवा विभागात द्या, बिल झाल्यावर नाही.